शेरा: काही नाही

१८ नोव्हेंबर २०२४, सोमवार

ही वही गॅस मोजणी केंद्रातली. आता सगळ्या नोंदी संगणकात जातात, म्हणून मारेकनं जुन्या कोऱ्या वह्यांचा गठ्ठा रद्दीत काढला. त्यातल्या दोन मी घरी आणल्या. पानावर छापील रकाने आहेत: वेळ, दाब, तापमान, प्रवाह आणि शेवटी शेरा. मी सगळे रकाने ओलांडून सरळ आडवं लिहिते आहे. सत्तावन्न वर्षांच्या बाईला कोण रागावणार?

लिहायला बसायचं कारण शेजारची योलान. काल कुंपणापलीकडून म्हणाली, "एतेल्का, तू भिंतीशी बोलायला लागलीस हं. मी ऐकलं."

"भिंत मधे मधे तोंड घालत नाही," मी म्हटलं. ती चिडून आत गेली. पण घरात आल्यावर वाटलं, ऐकलं असेलही. नवरा, लायोश, जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगा ऑस्ट्रियात, लिंत्सला, रविवारी बाराला फोन करतो, बारा-दहाला ठेवतो.

आज केंद्रात तेच एक बोलणं होतं. एकतीस डिसेंबरला करार संपतो. रशियाचा गॅस युक्रेनमधून आमच्या स्लोव्हाकियात येतो, तो आमच्या केंद्रात मोजून पुढे जातो. तीन वर्षं ते दोघे एकमेकांवर तोफा डागताहेत आणि नळातून गॅस मात्र शहाण्यासारखा येतोय, दिवसाला चार कोटी घनमीटर. आता पलीकडचे म्हणतात, नवा करार नाही. मारेक म्हणतो, होईल काहीतरी, इतका पैसा कुणी सोडत नाही. मारेक आमचा साहेब, पस्तिशीचा, स्लोव्हाक, मला मावशी म्हणतो आणि कॉफी मलाच करायला लावतो.

सकाळी सहा-दहाला पलीकडच्या केंद्रातून देझोंचा फोन आला. दाब, तापमान, प्रवाह जुळले. त्यांनी विचारलं, "शेरा?"

"काही नाही," मी म्हटलं. "तुमचा?"

"शेरा: काल चुलीत पहिली लाकडं घातली. धूर सगळा घरात."

ते असंच काहीतरी सांगतात.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

देझोंबद्दल लिहिलं पाहिजे, नाहीतर वही कुणाच्या हाती लागली तर भलतंच समजेल.

देझो पलीकडच्या केंद्रात माझ्याच जागेवर आहेत. गॅसचा दिवस सकाळी सहाला सुरू होतो आणि सहाला संपतो. सहा-दहाला ते आमच्याकडच्या करड्या फोनवर फोन करतात. या फोनला तबकडी नाही, बटणं नाहीत. उचलला की तिकडे वाजतो, तिकडून उचलला की इकडे. ते त्यांचे आकडे वाचतात, मी माझे. मग दोघांनी शेरा द्यायचा, असा नियम आहे. बावीस वर्षं मी "काही नाही" देते आहे, कारण खरंच काही नसतं.

त्यांना मी एकदाच पाहिलं. आमचं गाव थोरलं सेल्मेन्स, त्यांचं धाकटं सेल्मेन्स. आजीच्या काळात हे एकच गाव होतं. महायुद्धानंतर गल्लीच्या मधोमध तार ओढली आणि अर्धं गाव दुसऱ्या देशात गेलं. दोन्हीकडे आम्ही हंगेरियन बोलणारेच. वीसेक वर्षांपूर्वी तारेत पायी जायचं फाटक केलं, त्या दिवशीच्या गर्दीत कुणीतरी दाखवलं, ते बघ देझो. तपकिरी हॅट, शेजारी त्यांची बायको. मी लायोशबरोबर होते. माना हलवल्या, झालं. पुढे सोळा वर्षं फाटक उघडं होतं, तेव्हा जायला कारण नव्हतं. मग त्यांची बायको वारली, मग साथ आली, मग लढाई. आता साठीच्या आतल्या पुरुषांना तिकडून बाहेर सोडत नाहीत. देझो एकोणसाठ वर्षांचे आहेत.

आणि आमच्या पाळ्या कधी चुकत नाहीत. माझी सकाळ असली की त्यांचीही सकाळ. त्यांच्याकडचं वेळापत्रक आमच्यासारखंच असणार.

३ डिसेंबर, मंगळवार

आज रागावले. फोनवर, चक्क.

देझोंना पासपोर्ट नवा करायचाय. दोन फेब्रुवारीला ते साठ पूर्ण करतात, मग फाटकातून येता येईल. काल त्यांना जिल्ह्याच्या कचेरीत दहाची वेळ दिली होती. हे गेले दहाला. पण आपल्या दहाला.

तिकडे सरकारी घड्याळ कीवचं, आपल्यापेक्षा एक तास पुढे. पण धाकट्या सेल्मेन्समध्ये आणि आसपासच्या गावांत लोक अजून आपल्याच वेळेनं जेवतात, आपल्याच वेळेनं लग्नं लावतात, आपल्याच वेळेनं माणसं पुरतात. कुणी वेळ सांगितली की विचारायचं असतं: आपल्या वेळेनं की कीवच्या? देझो कधी विचारत नाहीत. आपली सोडून दुसरी वेळ त्यांच्या डोक्यातच शिरत नाही. पोचले तर बाईनं खिडकी लावून घेतलेली. आता जानेवारीतली तारीख मिळाली आहे.

"अहो, तुम्हाला काही कळतं की नाही?" मी म्हटलं. "सरकारी कागदावर वेळ असली की ती कीवचीच असणार!"

"एतेल्काबाई, माझा बाप आपल्या वेळेनं जगला आणि आपल्या वेळेनं मेला."

"त्यांना पासपोर्ट काढायचा नव्हता. शब्द द्या मला. यापुढे सरकारी काम असलं की कीवच्या घड्याळानं जाल. उशीर करणार नाही."

देझो हसले. "दिला शब्द. आजचा तुमचा शेरा हाच का?"

मी भानावर आले. मारेक दारात उभा होता. "शेरा काही नाही," म्हटलं आणि फोन ठेवला. कान दुपारपर्यंत गरम होते.

९ डिसेंबर, सोमवार

मारेकला विचारलं, करार संपल्यावर सहाच्या फोनचं काय करायचं.

"कुठला फोन?"

"सहा-दहाचा. आकडे जुळवायचा."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "मावशी, तो २०१९ सालीच बंद झालाय. आकडे आपोआप जातात. परिपत्रक आलं होतं, दोन्हीकडच्या केंद्रांना. मला वाटलं तुम्ही उगाच हवापाण्याच्या गप्पा मारता."

एकोणीसमध्ये पित्ताशय काढलं तेव्हा मी तीन आठवडे रजेवर होते. तेव्हाच आलं असणार. म्हणजे पाच वर्षं मी रोज पहाटे आकडे वाचून दाखवते आहे आणि त्यांची कुणाला गरज नाही! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग देझोंची दया आली. तिकडेही परिपत्रक त्यांच्या हाती पडलं नसावं हे उघड आहे. नाहीतर इतकी वर्षं रोज फोन कोण करेल? आता तीन आठवड्यांसाठी सांगून त्यांना ओशाळं कशाला करायचं? मी गप्प बसायचं ठरवलं आहे. मारेकलाही दटावलं.

१५ डिसेंबर, रविवार

आज देझोंचा शेरा असा: "करकोच्याच्या रिकाम्या घरट्यात बर्फ साठलंय. आणि केंद्रातून यादी मागवली आहे. आम्हाला सैन्यभरतीतून जी सूट होती ती गॅस वाहतोय तोवर. एक जानेवारीपासून यादी नव्यानं करणार म्हणे."

"मग?"

"मग काही नाही. दोन फेब्रुवारीपर्यंत एक महिना काढायचा आहे."

"साठीच्या माणसाला कोण नेतंय?" मी म्हटलं. "बंदूक कुठल्या बाजूनं धरायची ते तरी माहीत आहे का तुम्हाला?"

ते खूप हसले. त्यांचा जन्म मेणबत्त्यांच्या सणाचा. त्या दिवशी अस्वल गुहेतून बाहेर येऊन बघतं, स्वतःची सावली दिसली तर परत आत जातं आणि थंडी लांबते म्हणतात. देझो म्हणाले, अस्वलाबरोबरच बाहेर पडेन.

हे योलानला सांगितलं, तेवढंच सांगितलं होतं. ती म्हणाली, "अगं, बावीस वर्षं बोलता आणि अजून अहो-जाहो?"

आता हिला काय सांगायचं! आमच्यात अरे-तुरेवर यायचं तर दोघांनी पेले भरून, कोपरात कोपर अडकवून प्यावं लागतं. आणि बाईनं आधी म्हणायचं असतं, पुरुषानं विषय काढणं बरं दिसत नाही. फोनमधून कोपर कसं अडकवणार?

"तू म्हणालीस का पण कधी?" योलान.

"कशाला म्हणू? कामाचा संबंध आहे."

"हो हो," ती म्हणाली आणि खसखशीचा रोल मुकाट्यानं माझ्या हातात दिला. या बाईला कुठलीही गोष्ट साधी दिसतच नाही.

२५ डिसेंबर, बुधवार

नाताळला मुलगा आला नाही. रस्त्यावर बर्फ आहे म्हणाला. दूरदर्शनवर लिंत्सचे रस्ते कोरडे दिसत होते.

माशाचं सूप चार जणांचं केलं, सवयीनं. तीन वाडगे योलानकडे दिले. संध्याकाळी टेबलाशी बसले तर घर इतकं गप्प होतं की मला केंद्राची आठवण झाली. तिथे नळ सतत घुमतो, पायांच्या तळव्यांना कळतो. मी आयुष्यात सगळ्यात जास्त वेळ त्या आवाजाच्या सोबतीनं काढला आहे.

आज सकाळी देझोंचा शेरा: "मी एकट्यासाठी सूप केलं आणि चार दिवस पुरेल इतकं झालं."

मी म्हणणार होते, माझंही तसंच. पण त्यांना वाटलं असतं मी रडगाणं गाते. शेरा काही नाही.

३१ डिसेंबर, मंगळवार

करार होत नाही. आता नक्की. मारेकनं उद्याच्या पाळीला स्वतः येतो म्हणून सांगितलंय. देझो आज नेहमीसारखेच बोलले. शेरा: नवीन वर्षात पैसा यावा म्हणून मसूर भिजत घातले आहेत.

१ जानेवारी २०२५, बुधवार

सगळं नीट लिहायचं आहे, क्रमानं.

पावणेसहाला मी केंद्रात पोचले. मारेक होता, वरच्या कचेरीतले दोन जण होते, त्यातला एक फोटो काढत होता. भिंतीवरच्या पडद्यावर प्रवाहाचा आकडा उतरत होता. सहाला शून्य झाला. तिकडच्या घड्याळात सात. मी या आकड्यात कधी शून्य पाहिलं नव्हतं. मला वाटलं होतं मोठा आवाज होईल, काहीतरी हादरेल. तसं काही नाही, उलट घुमणं थांबलं. ते इतकं हळूहळू थांबलं की नक्की कधी ते सांगता येणार नाही. वरच्या कचेरीतला म्हणाला, "झालं?" मारेक म्हणाला, "झालं." ते कॉफी प्यायला गेले.

सहा-दहाला करडा फोन वाजला. मी धावलेच.

"दाब अजून आहे थोडा," देझो म्हणाले. "नळात उरलेला. प्रवाह शून्य."

"शून्य," मी म्हटलं. "जुळलं."

दोघांनाही हसू आलं. मग मारेक आत आला आणि माझ्याशेजारी उभा राहिला. त्याच्याबरोबर वायरवाला. हळूच म्हणाला, "मावशी, ही लाइन साडेसहाला काढायची आहे. यादीत आहे."

"शेरा?" मी विचारलं.

देझो लगेच बोलले, पाठ केल्यासारखे. "शेरा: दोन फेब्रुवारी, रविवार, बारा वाजता, फाटकापाशी. पालिंका मी आणतो, माझ्याच आलुबुखारांची, घरी गाळलेली. तेवढं एक आपलं राहिलंय, एतेल्काबाई. आणि तुमचा?"

मारेक तिथेच. वायरवाला हातात पक्कड घेऊन उभा. तोंडातून बाहेर पडलं ते सवयीचं.

"काही नाही."

"बरं," ते म्हणाले. "नवीन वर्ष सुखाचं जावो."

मग वायरवाल्यानं काम केलं. मी मारेकला विचारलं, हा फोन मी नेऊ का घरी. तो म्हणाला, न्या, रद्दीच आहे. आता ओट्यावर पावाच्या डब्याशेजारी ठेवलाय.

बाराला आमच्या देवळाची घंटा झाली तेव्हा लक्षात आलं, त्यांनी बारा म्हटलं पण कुठले बारा ते मी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात! देझोंचे बारा आपलेच असणार.

२ जानेवारी

सहा-दहाला जागी होते. फोनकडे बघत बसले. मूर्खपणा.

७ जानेवारी, मंगळवार

केंद्रात आता पहाऱ्याचं काम. झडपा बघायच्या, बर्फ काढायचं, सही करायची. मारेक म्हणतो पश्चिमेकडून उलटा गॅस आणता येतो, काळजी नको. एप्रिलमध्ये माणसं कमी करतील, त्यात मी पहिली असेन. तो हे म्हणाला नाही, पण आज कॉफी त्यानं केली.

पायाखाली काही घुमत नाही. तिथे एकटी बसले की माझाच श्वास ऐकू येतो. या केंद्रात इतकी वर्षं एकटीच बसत होते, पण एकटी आहे असं कधी वाटलं नव्हतं.

माझ्याकडे देझोंचा नंबर नाही, त्यांच्याकडे माझा नाही. बावीस वर्षांत कुणी मागितलाच नाही. योलानला हे सांगितल्यावर तिनं दोन्ही हात डोक्याला लावले. म्हणाली, फाटक चालू आहे, बायकांना जाता येतं, ऊठ आणि जा. मी म्हटलं, कुणाच्या दारात जाऊन काय सांगू, आकडे जुळवायला आले? महिन्यावर तर आलंय. ते येणार आहेत.

१६ जानेवारी, गुरुवार

आज उगाचच बरं वाटलं. ऊन पडलं. निळा स्कार्फ धुऊन वाळत घातला. पासपोर्टाचं काम आतापर्यंत झालं असेल. यावेळी वेळेवर गेले असतील, शब्द दिलाय मला. देझो शब्दाचे पक्के आहेत.

दोन तारखेच्या रविवारी काय करायचं ते ठरवलं. कोंबडीचं सूप, खसखशीच्या शेवया. दोनच माणसांचं. पेले लायोशच्या आईचे काढीन, बारीक दांडीचे. दोन शिल्लक आहेत.

दुपारी केंद्रातून येताना फाटकावरून आले. वाट वाकडी करून नाही, तिकडून बर्फ कमी होतं.

२६ जानेवारी, रविवार

मुलाचा फोन. त्याला म्हटलं, पुढच्या रविवारी बाराला करू नकोस, मी घरी नसेन. "कुठे जाणारेस?" त्यानं विचारलं. त्याला इतकं आश्चर्य वाटावं याचं मला वाईट वाटलं. म्हटलं, कामाच्या ओळखीतलं कुणी येणार आहे.

तो म्हणाला, "आई, तुझ्या आवाजाला काय झालंय? बरी आहेस ना?"

मी बरी आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

अंगावरचा कोट न काढताच लिहिते आहे.

साडेअकराला फाटकाशी गेले. लख्ख ऊन होतं. अस्वलाला सावली दिसली असेल, ते परत आत गेलं असेल, हा विचार आला आणि झटकला. तिकडून बायका येत होत्या, पिशव्या घेऊन. म्हातारे दोन आले. प्रत्येक हॅटकडे मी बघत होते. तपकिरी हॅट वीस वर्षं टिकत नाही हे कळतं मला.

बाराची घंटा झाली. आमची झाली, पाठोपाठ पलीकडची झाली, त्यांची घंटा अजून आपल्या वेळेनं वाजते. घंटा थांबली आणि फाटकातून एक बाई आली. सत्तरीची, काठी, खांद्याला पिशवी. सरळ माझ्याकडे.

"निळा स्कार्फ," ती म्हणाली. "एतेल्का तुम्हीच. मी मार्गित, देझोची बहीण."

आवाज तोच. डोळे मिटले असते तर तेच बोलताहेत असं वाटलं असतं.

"ते कुठे आहेत?"

"नेला त्याला," ती म्हणाली. "सोळा तारखेला."

मी तिला बाकावर बसवलं की तिनं मला, आठवत नाही. ती एकसारखी बोलत होती, आणि मला वाटत होतं ती थांबू नये, कारण थांबली की मला काहीतरी म्हणावं लागेल.

वर्षाच्या पहिल्या आठवड्यातच सूट गेली. गॅस नाही तर गॅसवाले कशाला हवेत. मग चिठ्ठी आली: सोळा जानेवारी, नऊ वाजता, भरतीच्या कचेरीत हजर व्हा.

"अख्ख्या गावानं सांगितलं त्याला," मार्गित म्हणाली. "अरे देझो, सतरा दिवस उरलेत, तू आपला आपल्या वेळेनं जा! नऊला म्हणजे त्यांच्या दहाला पोचशील. गाडी साडेनवाला निघते, ती गेलेली असेल. म्हणायचं, साहेब, आम्ही खेड्यातली माणसं, घड्याळात चुकलो. वरच्या आळीतला आंद्राश तसाच सुटला, त्याला मार्चची तारीख दिली. कुणाला खोटंही वाटत नाही, इथे सगळेच चुकतात. आणि देझो तर जन्मभर चुकत आला! स्वतःच्या लग्नाच्या नोंदणीला तासभर उशिरा गेलेला माणूस."

"मग?"

"मग काय! नवीन वर्षापासून मनगटावरचं घड्याळ पुढे करून बसला होता. म्हणाला, नाही मार्गित, सरकारी कामाला कीवच्या घड्याळानं जायचं. मी शब्द दिलाय. पंधरा मिनिटं आधी पोचला. आयुष्यात पहिल्यांदा."

ती नाक पुसत होती. मग माझ्याकडे वळली. "कुणाला दिला शब्द, ते काही सांगेना. नुसता हसला. तुम्हाला काही माहीत आहे का हो?"

माझ्या तोंडून तेच बाहेर पडलं. "नाही. काही नाही."

मी असं म्हणाले. तिच्या तोंडावर. तिनं मान हलवली आणि माझा हात हातात घेतला. हे मी इथे लिहून ठेवते आहे, कारण कुठेतरी ते असायला हवं. शब्द मी मागितला होता. रागावून मागितला, वर ते शब्दाचे पक्के म्हणून कौतुकही केलं. मी तोंड मिटून बसले असते तर आज ते इथे बाकावर बसले असते.

देझो पूर्वेला आहेत, कुठल्याशा पुलावर पहाऱ्याला. पुढच्या फळीत नाहीत म्हणते मार्गित, पण तिला तरी काय माहीत. फोन लागत नाही. आज साठ झाले, म्हणजे सोडायला हवं, अर्ज केलाय, कागद फिरतोय. कधी सोडतील ते कुणी सांगत नाही.

"पासपोर्ट मात्र झाला," ती म्हणाली. "माझ्या कपाटात आहे."

जाताना तिनं पिशवी दिली. त्यात एक बाटली, चिठ्ठीवर त्यांच्या अक्षरात "आलुबुखार, २०२२". आणि एक वही. माझ्या या वहीसारखीच, केंद्रातली, तेच पाच रकाने. "म्हणाला होता, मी नाही जाऊ शकलो तर ही द्यायची. कामाची आहे म्हणे."

कामाचीच आहे. २०१९ च्या ऑगस्टपासून प्रत्येक पाळीची नोंद आहे. दाब, तापमान, प्रवाह. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी स्वतःचा शेरा लिहिलेलाच नाही, माझा लिहिलाय. काही नाही. काही नाही. काही नाही. पानंच्या पानं. मध्येच एखादा वेगळा, त्याखाली रेघ: "निळा स्कार्फ हरवला होता, सापडला." "आज आवाज बसलाय." "लायोशला जाऊन पाच वर्षं." हे मी कधी बोलले होते? तीन डिसेंबरला लिहिलंय: "रागावली. शब्द मागितला." त्याखाली दोन रेघा.

पहिल्या पानाला एक कागद डकवलाय. ते परिपत्रक. सकाळचा दूरध्वनी यापुढे आवश्यक नाही, सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी. खाली मिळाल्याची सही, तारीख पाच ऑगस्ट २०१९. सही देझोंची.

त्यांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून.

सूप तसंच आहे. दोन माणसांचं, एका माणसाला चार दिवस पुरेल.

३ फेब्रुवारी, सोमवार

पावणेसहाला उठले. योलानच्या घरात अजून दिवा नव्हता. ओट्यावरच्या करड्या फोनची वायर तुटलेली आहे, मला काही भ्रम झालेला नाही. तरी लायोशच्या आईचे दोन्ही पेले काढले, दोन्ही भरले आणि कोपर टेबलावर टेकवून माझा प्यायले. आधी बाईनं म्हणायचं असतं. इतकी वर्षं ते वाट बघत होते आणि मी आकडे वाचत होते. दुसरा झाकून ठेवलाय, उडून जाऊ नये म्हणून.

योलानला सगळं सांगितलं मग. शब्दाचंही. तिनं या वेळी काही टोमणा मारला नाही. मार्गितलाही सांगेन, येत्या रविवारी मीच पलीकडे जाईन. रोज पाळी संपली की फाटकाशी थांबायचं ठरवलंय, आणि रविवारी अकरापासून साडेबारापर्यंत. त्यांचे बाराही होतात त्यात आणि आपलेही. त्या पुलावर ते आता कुठलं घड्याळ बघत असतील कुणास ठाऊक.

आजचे रकाने भरते, पहिल्यांदाच.

वेळ: सहा-दहा, आपल्या वेळेनं. दाब: शून्य. तापमान: उणे तीन. प्रवाह: शून्य.

शेरा: देझो, ये. उशीर झाला तरी चालेल. तुझ्या घड्याळात कितीही वाजलेले असोत, तू ये.